शेजारणीचं बंद घर पडद्यावर

मंडळी, घराघरांतल्या वीजवापराची माहिती दुरून, 'अत्यंत सुरक्षितपणे' पाहता येईल अशा नव्या सेवेचं आज धाराशिवला सादरीकरण होतं. नमुना म्हणून अभियंत्याने पडद्यावर एक घर उघडलं. नाव, पत्ता आणि वर खुलासा, "आठ दिवस वापर शून्य, म्हणजे घर बंद!"

ते माझ्या शेजारीण कुसुमताईंचं घर. त्या आजारी नवऱ्याबरोबर सोलापूरच्या दवाखान्यात आहेत.

मी उठलेच. "हे सगळ्यांना का दाखवता?"

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. पासवर्डशिवाय कुणालाच दिसत नाही."

"मग आम्हा साठ जणांना कसं दिसतंय?"

लोक हसले. कंपनीचे साहेब म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी चहा आला.

आता कुसुमताईंना फोनवर काय सांगू? नवऱ्याला तिथंच सोडून घर राखायला या म्हणू?