डाळवालीची पिशवी
आज वरण शिजल्याचा वास घरभर पसरला आणि दारामागे खिळ्याला अडकवलेल्या कापडी पिशवीकडे नजर गेली. ती पिशवी माझी नाही. ती घरात आली तेव्हा मी साठीची होते, म्हणजे अक्कल यायच्या आधीची. सक्करदऱ्याला आमच्या गल्लीत डाळ दोनच ठिकाणी मिळे: कोपऱ्यावरच्या दुकानात, नाहीतर समोर कडुलिंबाखाली बसणाऱ्या कन्हानकडच्या बाईकडे. ती घरच्या जात्यावर तूर भरडायची, तेलाचा हात लावून उन्हात वाळवायची. एका सकाळी तिच्या पुढ्यातच स्वस्त डाळीची सरकारी गाडी येऊन उभी राहिली. मी धावत रांगेत घुसले, पण पिशवी घरीच राहिली. मग मी, मोठी शहाणी, तिलाच म्हणाले, "एक पिशवी दे वं. अन् तू काहून इतकी महाग विकून राहिली? जरा सरकारकडून शीक." रांग हसली, मी फुगले. तिनं आपली डाळ पोत्यात ओतून पिशवी रिकामी केली आणि मला दिली. म्हणाली, "बाई, या भावात मले तूरच भेटत नाही. त्याईचा घाटा सरकार भरते, माया घाटा कोन भरन?" आणि स्वतःच्या घरासाठी तीही माझ्या मागे रांगेत लागली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. गाडी दिवाळीपर्यंत आली, मग तीही बंद. दुकानदारानं लगेच भाव चढवला. मी भांडायला गेले, तर तो हसून म्हणाला, "आजी, परवडत नसन तर समोरून घ्या." मी वळून पाहिलं. कडुलिंबाखाली नुसती सावली होती. आजही त्याच्याचकडून घेते. पिशवी मात्र धुऊन ठेवली आहे.