उलटी फिरणारी खुंटी

ज्योत्स्ना आमच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवते. दिवसा मूर्तिजापूरच्या एका दवाखान्यात लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी चार जाड तारांशी झटते. बेसचं असं आहे की तो वाजत असताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि बंद पडला की गाणं बोडखं वाटतं. मी ढोलकीवाला धर्मेंद्र, तिच्या बाजूलाच बसतो, म्हणून मला तिची किंमत कळते. बाकीच्यांना फक्त गायक दिसतो.

गायक शेषराव म्हणजे तिचे सख्खे मामा. सत्तरीला टेकलेत, तरी आवाज अजून पांढरी तीनच्या पट्टीला उभा राहतो. पण मागच्या दोन कार्यक्रमांत त्यांचा सूर घसरला आणि सगळं खापर त्यांनी भाचीच्या गिटारवर फोडलं. तिच्या सगळ्यात जाड तारेची खुंटी झिजली होती, तार आपोआप उतरायची, हे खरं. पण तार उतरली म्हणून गळा कसा उतरेल? नाचता येईना अंगण वाकडं, असं आम्ही मनात म्हटलं. मामांनी मात्र निकाल देऊन टाकला.

"चांदूरच्या कार्यक्रमात गिटार उतरली तं तुई जागा गेली समज. अनुप कीबोर्डवरच बेस वाजवीन."

कीबोर्डवाल्या अनुपनं लगेच मान डोलावली. त्याला तेवढंच हवं होतं.

भीमजयंती एप्रिलातली, पण आम्हा गायन पार्ट्यांना ती मे संपेस्तोवर पुरते. चांदूर रेल्वेच्या कार्यक्रमाच्याच सकाळी ती खुंटी पार तुटली. ज्योत्स्नाचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही दोघं तडक अकोल्याला, जुन्या शहरात डोमाजीकाकांकडे गेलो. पेटीपासून बँडच्या बाजापर्यंत सगळं ते दुरुस्त करतात. त्यांनी खुंटीतलं दातेरी चाक बोटानं चाचपलं.

"याचे दातच गेले, बाई. बदलाच लागते."

नवी मागवली असती तर आठवडा गेला असता. एका भंगार गिटारची खुंटी सापडली, पण ती पलीकडच्या बाजूला बसणारी.

"बसते," काका म्हणाले, "पन उलटी फिरन. तार उतरवाले जासान तं चढन. ध्यानात ठेवजा."

तिथून थेट चांदूरला जाणाऱ्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत ज्योत्स्ना ती खुंटी फिरवत "उलटं, उलटं" पुटपुटत होती. मला हसू आलं नाही. गळा कोरडा पडला की मामा गाता गाता एक बोट खाली करतात. म्हणजे पट्टी अर्धा सूर खाली घ्यायची, पांढरी तीनवरून काळी दोनला. अनुपनं एक बटण दाबलं की झालं. ज्योत्स्नाला मात्र मामांच्या तोंडाकडे पाहत, हाताच्या अंदाजानं जाड तार उतरवावी लागते. हाताची सवय एका दिवसात मोडते का?

मंडप गच्च भरला होता. दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याच्या अंतऱ्याआधी मामांचं बोट खाली गेलं. ज्योत्स्नाचा हात खुंटीवर गेला आणि जुन्याच बाजूला फिरला. मला ते दिसलं, पण ओरडणार तरी कसं? समोर माईक होता.

तार चढली. तिनं ती छेडली. कीबोर्ड अर्धा सूर खाली काळी दोनवर, तार अर्धा सूर वर पांढरी चारवर, आणि मामांनी तोंड उघडलं ते थेट पांढरी चारवर! गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, आवाज फाटायला आला, तरी ते तिथंच. पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"मामा, कीबोर्ड आयका!" अनुप त्यांच्या कानाशी खेकसला. मामांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांची नजर ज्योत्स्नाच्या तारेवर होती.

तेव्हा तिला कळलं, आणि तिच्याकडे पाहून मलाही. कीबोर्ड मामांच्या कानापर्यंत पोचतच नव्हता. ते तिच्या तारेवर गात होते.

ती तार वाजती ठेवून खुंटी हळूहळू फिरवू लागली, या वेळी बरोबर बाजूला. सूर खाली सरकत गेला. मामांचा आवाज त्याच्या मागोमाग खाली उतरला आणि कीबोर्डला येऊन मिळाला. लोकांना वाटलं, ही मुद्दाम घेतलेली जागा. टाळ्या पडल्या.

कार्यक्रमानंतर मंडपामागे तिनं मामांच्या कानाला तोंड लावलं. "कवापासून, मामा?"

"दोन वर्सं झाले," मामा खाली पाहत म्हणाले. "कीबोर्ड आयकू येत नाई. तुई तार तेवढी छातीत लागते."

"मंग मलेच काहून काढून राहिले होते?"

"तू घसरली का मी घसरतो. कीबोर्डवरचा बेसबी छातीत लागन, अन् तो घसरत नाई. पन मी चुकलो तं तो मले सोडून चालला जाईन. तुनं खाली आनलं मले. तूच वाजव आता."

तिची जागा वाचली होती. पण ती तोंडावर ओढणी धरून हमसून हमसून रडायला लागली, आणि मामा कान पुढे करून विचारत राहिले, "काय म्हनून राहिली? जोरानं बोल ना, पोरी."