बाकावरची जागा

गाता गाता बुवा मध्येच सरकून बसायचे. एस.टी.त नवा उतारू आला की आपण पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा करून देतो ना, अगदी तसे. वीतभर बाजूला, आणि गप्प. हातातल्या सूरपेटीचा भाता तेवढा हलत राहायचा. एका ओळीइतका वेळ गेला की मान वर करून पुढची ओळ उचलायचे. मधली ओळ कोणीतरी म्हणून झाली, अशा थाटात.

"ही ओळ माझी नाही," एवढंच म्हणत.

नाव सांगत नाही. ऐंशीनंतरच्या त्या चार-पाच वर्षांत रत्नागिरीत ज्यांनी त्यांना ऐकलंय, त्यांना नाव सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी माझ्यासारखं बुवाच म्हणावं.

माझं तेव्हा बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जोडीला कॅसेट भरून देण्याचा धंदा. चाकरमानी मुंबईहून टेपरेकॉर्डर घेऊन येत आणि सुट्टी संपवून परत जात. मग त्यांच्या घरची माणसं गाण्यांच्या याद्या घेऊन माझ्याकडे. मी स्वभावाने तिरसट. "जरा लवकर द्या" असं कोणी म्हटलं की त्याची कॅसेट मुद्दाम दोन दिवस उशिरा द्यायचो. आता लाज वाटते, पण तेव्हा मजा यायची.

बुवा मालगुंडकडच्या एका वाडीतून सकाळच्या गाडीने आले. अंगाने काटकुळे, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, काखेत सूरपेटीची पिशवी.

"गाणी भरायची आहेत. जुनीच आहेत, लोकांच्या तोंडची. चाल तेवढी माझी."

"म्हणजे एवढ्या मोठमोठ्यांनी चाली लावल्या, त्या सुधारायला तुम्ही आलात?"

"सुधारत नाही हो," ते म्हणाले. "ती गाणी फार घाईत म्हटली गेलीत, एवढंच."

मी त्यांना दुपारी एकला बोलावलं. रत्नागिरी दुपारी एक ते तीन झोपते, हे तुम्हाला माहीत असेल. रिक्षा सावलीला लागतात, दुकानांच्या फळ्या अर्ध्या पडतात, आणि गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. रेकॉर्डिंग मी तेव्हाच करायचो. पंख्याचा आवाज टेपमध्ये येतो म्हणून तोही बंद. मे महिन्यात पंखा बंद करून बसलेल्या माणसाला गाण्याविषयी प्रेम वाटणं कठीण असतं, हे लक्षात घ्या.

भिंतीला लागून तीन माणसांचा एक बाक होता. बुवा त्याच्या मधोमध बसले आणि एक जुनं नाट्यपद सुरू केलं. हजामतीच्या दुकानात लोक शीळ घालतात ना, इतकं माहितीचं. पण त्यांनी ते एवढं सावकाश म्हटलं, की ते शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं. पंखा बंद होता हे मी विसरलो. तिसऱ्या ओळीला ते सरकले आणि थांबले. मी टेप बंद केली.

"विसरलात ना? होतं असं. कागद समोर ठेवा."

"विसरलो नाही. ही ओळ माझी नाही."

"मग कोणाची, माझी?"

त्यांना राग नाही आला. "म्हाळाला तुमच्याकडे गेलेल्यांचं पान वाढतात ना? त्या पानाला आपण हात लावतो का? तसंच हे. ज्याच्या घरी मी गातो, त्या घरातलं जे माणूस हे गाणं म्हणायचं आणि आता नाही, ही ओळ त्याचं पान."

"गिऱ्हाईक म्हणेल टेप बिघडली."

"गिऱ्हाईक काही म्हणणार नाही," बुवा म्हणाले.

आणि खरंच कोणी म्हटलं नाही. उलट लोक घरी बोलावू लागले. बाराव्याला, वर्षश्राद्धाला. मी टेपरेकॉर्डर घेऊन बरोबर. दारात चपला काढतानाच बुवांचा प्रश्न ठरलेला असे, "हे गाणं घरात कोण म्हणायचं?" उत्तर मिळालं की पुढे काही विचारत नसत. ते माणूस कसं होतं, कशाने गेलं, काही नाही.

एका हेडमास्तरांच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. हेडमास्तर रोज दाढी करताना एक भूपाळी म्हणत, आणि घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे अतिशय बेसूर. बुवा ओटीवर सतरंजीवर बसले, भूपाळी सुरू झाली. ठरल्या जागी ते सरकले. सूरपेटी चालू. तेवढ्यात आतल्या दारातून हेडमास्तरांच्या पत्नी अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तिथे सूर वर आहे. किती वर्षं सांगायचं तुम्हाला?"

मुलं हसली. मग बाईंच्या लक्षात आलं. हातात पळी तशीच होती. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि हसणाऱ्या मुलांचे चेहरे उतरले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. दुकानात परत येऊन कानाला हेडफोन लावला आणि ती रिकामी जागा दहा वेळा ऐकली. सूरपेटी होती आणि लांबून एक कावळा होता. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी बुवांनी मी न सांगताच विचारलं, "काही नाही ना?"

"काही नाही."

"छान. पान आपण वाढावं. जेवताना बघत बसू नये."

त्यांची स्वतः रचलेलीही गाणी होती. एक शंभर पानी वही भरलेली. मी म्हटलं, यातलं एखादं भरू या, यात कुठे सरकावं लागत नाही. ते म्हणाले, "माझी गाणी अजून कोणाच्या घरात गेली नाहीत. आधी ती कोणीतरी म्हणायला हवीत, मग ते माणूस जायला हवं. वेळ लागतो." आंब्याच्या कलमाला फळ धरायला तीन वर्षं लागतात, असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मी वही परत त्यांच्या पिशवीत ठेवली.

एकदा मलाच विचारलं, "भाऊ, तुमच्या घरात कोण गायचं?" मी म्हटलं, आमच्याकडे कोणाला गाण्याचं अंग नव्हतं. हे खोटं होतं. आई पाळणा म्हणायची, धाकट्या बहिणीसाठी. दोघी एकाच पावसाळ्यात गेल्या. सरळ सांगतो, मला भीती वाटली. बुवांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तर आता तो दिवस. गणपती होऊन गेले होते. आमच्या रत्नागिरीजवळच्या काळबादेवीकडची एक खारवीण आपल्या दिराला घेऊन दुकानात आली. वय तिशीच्या आत. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. बुवा नेमके दुकानात होते.

तिचा नवरा दोन वर्षांमागे होडी घेऊन गेला तो आलाच नाही. बरोबरचे दोघे लाटेने लांब किनाऱ्याला फेकले गेले, हा सापडला नाही. होडीही नाही. सासू म्हणत होती, आता किती वाट बघायची? दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करून टाकू, म्हणजे त्याला गती मिळेल. क्रिया झाली की हिचं कुंकू पुसणार, बांगड्या फुटणार. ही तयार नव्हती. "तो येनार," एवढंच म्हणायची. घरात चुली वेगळ्या व्हायची वेळ आली होती.

"देवाला तीनदा कौल लावला," दीर म्हणाला. "देव बोलत नाय. तवा आमी ठरिवलंव. तुमी त्याचं गानं म्हना. तुमी सरकलाव तर तो गेला. मग वैनी आयकंल. न्हाय सरकलाव, तर आये आयकंल."

बुवा उठून उभेच राहिले. "मी काय गुरव आहे कौल द्यायला? असलं मी करत नाही."

"बुवा," ती म्हणाली, "रोज सकाळी आये इचारते, आज तरी पुसतंस काय. तुमी नुस्तं गानं म्हना. माजं काय व्हायचं त्ये व्हईल."

तो जाळं ओढताना जे गाणं म्हणायचा, ते होडीचंच होतं. रेडिओवर लागणारं, जुनं, सगळ्यांच्या तोंडचं. बुवा बराच वेळ तिच्या बांगड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाय, शुक्रवारी दुपारी या."

शुक्रवारी मी कुलूप काढायला आलो तेव्हा बुवा दारात थांबलेले होते. आत आलो. मी टेप जोडण्यात गुंतलो. थोड्या वेळाने ती दोघं आली. दीर फळीला टेकून उभा राहिला. तिला मी स्टूल दिलं, पण ती खाली फरशीवरच बसली, बुवांच्या समोर. मी पंखा बंद केला.

बुवा गायले. त्या गाण्यात मूळचा ताल आहे, वल्ह्याचा. बुवांनी तो काढूनच टाकला होता. पाणी स्थिर असल्यासारखं गाणं झालं होतं ते. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर त्यांच्या गुडघ्यांवर खिळली होती, ते हलतात का ते बघत. मीही तिथेच बघत होतो. दुसरी ओळ संपली.

तिसरी ओळ बुवांनी म्हटली. जागचे हलले नाहीत. नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली, गळ्याच्या शिरा ताणून, आवाज थोडा फाटला तरी थांबले नाहीत. मग पुढची, मग त्याच्या पुढची. गाणं संपलं.

"न्हाय सरकलं," ती म्हणाली. दिराकडे वळून पुन्हा म्हणाली, "बगितलंव ना?"

"बगितलं." दिराने टॉवेलाने तोंड पुसलं. तोही रडत होता. भाऊच की तो.

मी दुसरी कॅसेट भरून तिला दिली, मूळची माझ्याकडे ठेवली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली, बुवांच्या पायाला हात लावला आणि ती दोघं गेली. मी खूश झालो होतो. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बुवांना मिठी मारावीशी वाटली.

"बुवा, जिवंत आहे तर गडी."

बुवा उठले नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. इतका वेळ मी गुडघेच बघत होतो. ते बाकाच्या पार टोकाला बसले होते. अर्धे बाकावर, अर्धे बाहेर. खांदा बाजूच्या भिंतीला चेपलेला, सदऱ्याला चुना लागलेला. तीन माणसांच्या त्या बाकावर दोन माणसांची जागा रिकामी होती, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीपासून रिकामी होती.

"सरकणार कुठे?" ते म्हणाले. "मी आत आलो तेव्हा तो येऊन बसला होता."

मी पंखा लावला. दोनदा बटण चुकलं.

"भाऊ, आज मी पानाला हात लावला," बुवा म्हणाले. "तो म्हणत होता. तिला ऐकू जाऊ नये म्हणून वरून ओरडलो मी. दोन वर्षांचा उपाशी माणूस, त्याच्या पुढ्यातलं उचललं."

"तिच्यासाठी केलंत ना."

"हो. तिच्यासाठी केलं." सूरपेटी त्यांनी बाकावरच ठेवली. "ही राहू दे इथे. येतो न्यायला."

आले नाहीत. त्यांना कोणी बोलावलं तर घसा बसलाय म्हणून सांगत, असं मालगुंडच्या गाडीचा कंडक्टर सांगायचा. पुढच्या पावसाळ्यात त्यानेच ते गेल्याचं सांगितलं. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाला रेडिओ दाखवत होतो. त्याच्यासमोरच रडलो. गिऱ्हाईक बिचारं रेडिओ न घेताच निघून गेलं.

चार वर्षं गेली. एके दुपारी ती आली. केस थोडे पिकलेले, कुंकू तेवढंच ठसठशीत. सासू तोवर गेली होती. दीर वेगळा राहत होता. तिने बाकावर बसून पदराची गाठ सोडली आणि कॅसेट पुढे केली.

"दादा, ही दुसरीत भरून द्या. झिजली."

"झिजली म्हणजे?"

"रोज दुपारची लावतंय. त्येंची वळ आली की पुना मागं घेतंय, पुना लावतंय."

मी कॅसेट यंत्रात घातली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीला फीत इतकी घासली गेली होती की आवाज उरलाच नव्हता. खालचा सूर तेवढा राहिला होता. खालचे सूर उशिरा झिजतात. एका ओळीइतका वेळ नुसती सूरपेटी वाजत राहिली, आणि मग बुवांनी पुढची ओळ उचलली. मला तिच्याकडे बघवेना.

"माझ्याकडे मूळची टेप आहे," मी घाईघाईने म्हणालो. "त्यात ओळ आहे सगळी. त्यावरून भरून देतो." ती टेप मी त्या दिवसापासून एकदाही लावली नव्हती. आजही लावलेली नाही.

"नको," ती म्हणाली. "हीच भरा, हाय तशी. पयलं बुवा मधी बोलायचे. आता गप ऱ्हातात."

मी फीत मागे घेतली, नवी कॅसेट लावली आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या ओळीला तिने साडी आवरून घेतली आणि बाकावर वीतभर बाजूला सरकली.

एका टेपवरून दुसरीवर भरताना पंखा बंद करायची गरज नसते. तरी मी उठून केला.