सहा बोटांचा रोबोट

आमच्या पोरीनं मला आठ दिवस पार गोंधळात पाडलं होतं. मी इंदापूर रोडला उसाच्या ट्रॉल्या रंगवतो. मागच्या फाळक्यावर मोर, बैलजोडी, मालकाचं नाव. पोरगी बारावी झाली, तसा मेव्हण्यानं लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला. सोमवारी हजर व्हायचं. आन हिला पुण्याला कार्टून काढायचं शिकायचं होतं. कॉलेजच्या फॉर्मवर माझी सही पाहिजे, तीबी सोमवारच्या आत.

"सही नंतर करा, आधी हे बघा," म्हणाली, आन मोबाईलवर जुनं जपानी कार्टून लावलं. घराएवढा रोबोट, त्याच्या पोटात माणूस बसलेला. रोज संध्याकाळी एक भाग, आन भाग संपला की पडद्यामागच्या गमती.

पण गमती कसल्या? रोबोट काढणाऱ्याला म्हणं तो राखाडीच ठेवायचा होता. पैसं लावणारी खेळण्यांची कंपनी म्हणाली, लाल-निळा करा, न्हायतर पोरं घ्यायची न्हाईत. केला. हे मला पटलं. माझंबी गिऱ्हाईक असंच, मोराला पिवळा मारा म्हणतंय. पुढं म्हणाली, चित्रं काढायला माणसं पुरंनात, म्हणून रोबोट उडतो तोच तुकडा दर भागात परत लावायचे. एका जागी तिनं चित्र थांबवलं. "मोजा, पप्पा." रोबोटच्या हाताला सहा बोटं! गडबडीत कुणीतरी जादा काढलेलं. ही खुशीत टाळ्या पिटतीय. आरं तिच्या मारी! मी बैलाला पाचवा पाय काढला तर मालक ट्रॉली आणून माझ्या दारात आडवी लावील. "आन शेवटी बघणारं कमी पडलं म्हणून मालिका मधेच गुंडाळली," हेबी तिनंच सांगितलं.

माझं डोकंच चालंना. पोरगी गळ घालतीय का भीती घालतीय?

रविवारी मी वैतागलो. "अगं, राबणाऱ्याचं हाल, मालकाची मर्जी, आन वर काम बंद. तुला जायचंय ना? मग चांगलं काहीतरी सांग की बये!"

ती म्हणाली, "चांगलं सांगून सही घेतली, आन उद्या माझं असंच हाल झालं, तर तुमी म्हणाल पोरीनं फसवलं. ते नको. सगळं कळूनबी मला जायचंय."

तिच्या वयात मी बापाला सांगितलं होतं, साखर कारखान्यात चिकटलो म्हणून. रोज डबा घेऊन पेंटरच्या दुकानात जायचो. बाप गावभर सांगत फिरायचा, पोरगं कारखान्यात हाय. तो गेला तोवर खरं सांगायचा मला धीर झाला न्हाय.

मी सही केली. तिला वाटलं, तिचं म्हणणं मला पटलं. कसलं पटतंय! त्या रोबोटात काय हाय ते मला आजबी कळंना. पण मला बापाशी जे बोलता आलं न्हाय, ते पोरगी माझ्या तोंडावर बोलली, आन तिचा राग यायच्या ऐवजी मला बापाची लई आठवण आली.