आधी पडद्यावर, मग पुस्तकात

लेझर प्रिंटरच्या गरम टोनरचा वास आला की सुरतेतलं आमचं टाइपसेटिंगचं दुकान आठवतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरातल्याच गोडादऱ्याहून एक निवृत्त मराठी शिक्षक आजारी बायकोला रिक्षातून घेऊन आले. तिला येणारी अहिराणी गाणी त्यांना पुस्तकात हवी होती आणि अमेरिकेतल्या मुलासाठी इंटरनेटवरही. मी म्हटलं, "सर, नेहमीच्या पद्धतीनं पुस्तक लवकर होईल, पण इंटरनेटवर ओळी-कडव्यांची नुसती खिचडी दिसेल. शीर्षकाला, कडव्याला संगणकाला कळतील अशा खुणा घालून टाइप केलं तर एकाच मजकुरातून दोन्ही निघेल. वेळ मात्र लागेल." सरांनी बायकोकडे बघितलं. बाईच म्हणाल्या, "मना पोऱ्या दूर शे. त्यालेबी वाचाले भेटू दे." इंटरनेटवर गाणी आधी आली, छपाई आणि बांधणी मागे राहिली. मुलानं फोनवर एक गाणं वाचून दाखवलं, तेव्हा बाई हसल्या आणि त्याला चाल लावून दाखवली, असं सरांनी सांगितलं. पुस्तक तयार झालं तेव्हा त्या नव्हत्या. सरांनी पुस्तकांच्या गठ्ठ्याची दोरी सोडलीच नाही, गठ्ठा नुसता मांडीवर घेऊन बसले. आज हे सगळं काम एका दुपारीत होतं. तेव्हा तसं होत असतं, तर त्या बाईंच्या हातात पुस्तक पडलं असतं.