सुन्निवाचे स्फटिक

बोरघिल्डचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाचा नवा डबा फोडला तरी आधी हुंगणार. सकाळी तराजू सुरू केला की स्वतःच्या खिशातलं वजनाचं माप त्यावर ठेवून तो खरं बोलतोय का ते बघणार. तापमापक एकाऐवजी दोन लावायची आणि म्हणायची, "एक खोटं बोलला तर दुसरा चहाडी करेल." नॉर्वेतल्या ट्रोंडहाइम विद्यापीठाच्या रसायनशाळेत मी तिच्या शेजारच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. माझ्या नोंदीही ती गुपचूप तपासायची. त्याचा राग अजून गेलेला नाही.

दर शरद ऋतूत पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही दोन ग्रॅम मळकट बेन्झोइक आम्ल द्यायचो. ते उकळत्या पाण्यात विरघळवायचं, गरम असतानाच गाळायचं आणि निवू द्यायचं. शुद्ध आम्लाचे स्फटिक तळाशी बसतात, विरघळणारी घाण पाण्यातच राहते. मुलं पाणी नको तितकं ओततात, त्यामुळे निम्मं आम्लही पाण्यातच जातं. सव्वा ग्रॅम हाती आलं तरी स्वारी खूश.

त्या वर्षी उत्तरेच्या बेटावरून आलेल्या सुन्निवा मिरवांगने एक पूर्णांक ब्याऐंशी ग्रॅम आणून ठेवलं. शुभ्र, अभ्रकासारखे पातळ पापुद्रे. वितळले तेही शुद्ध आम्लासारखे, बरोबर एकशे बावीस अंशांवर. बोरघिल्डने दोन्ही तापमापक पाहिले.

"इतकं कुणाला मिळत नाही," ती मला म्हणाली. "बाटलीतलं तयार शुद्ध आम्ल आहे हे."

"मिळालं असेल पोरीला. हात चांगला असतो एखादीचा."

"तुझं काय, तू सगळ्यांनाच भोळं समजतेस."

तिने तक्रारीचा कागद काढला. फसवणूक ठरली तर सुन्निवा वर्षभर विद्यापीठाबाहेर. औषधशास्त्राची जागाही गेलीच. सही करायच्या आधी तिने पोरीला सगळ्यांसमोर बोलावलं.

"गाळून उरलेलं पाणी कुठाय?"

पुरावा तेवढाच होता. पाणी ओतून दिलं असेल तर पोरगी संपली.

"हे काय," सुन्निवाने चंबू पुढे केला. "गाळणकागदही आहे. वितळणबिंदू कळेपर्यंत काही फेकायचं नाही, असं तूच सांगितलंस ना, बोरघिल्ड?" आमच्याकडे मुलं शिक्षकांनाही एकेरीत, नावानेच हाक मारतात.

चंबूवर लोकरीची टोपी चढवलेली होती.

"ही कशाला?"

"हळू निवावं म्हणून. आई भाताच्या खिरीचं भांडं गोधडीत गुंडाळते, तसं. आणि पाणी मी चमच्याचमच्याने घातलं, विरघळेल तेवढंच."

बोरघिल्डने ते पाणी आटवलं. तासभर कुणी घरी गेलं नाही. तळाशी तपकिरी साका राहिला. तो आणि वाळवलेल्या कागदावरचा गाळ तिने तोलला, स्फटिकांच्या वजनात मिळवला. एक पूर्णांक सत्त्याण्णव. तिने पुन्हा तोललं. मग तिसऱ्यांदा. बाटलीतलं आम्ल आणलं असतं तर पाण्यातही आम्ल भरपूर सापडलं असतं आणि बेरीज दोनच्या कितीतरी पुढे गेली असती.

तिने तक्रारीचा कागद फाडला. "माझं चुकलं," ती मोठ्याने म्हणाली. एकतीस वर्षांत ते शब्द मी पहिल्यांदाच ऐकले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

सुन्निवा मात्र हसली नाही. "स्फटिक खरे निघाले म्हणून. पण पाणी मी ओतून दिलं असतं तर?"

"तर सही केली असती."

"मला एकदा विचारायचंस तरी, कसं केलंस म्हणून."

"विचारलं असतं तरी मला खरं वाटलं नसतं ग," बोरघिल्ड म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्या मुलांना ऐकू गेला नसावा.

सुन्निवाने चंबू धुतला, टोपी घातली आणि निघून गेली. सोमवारी तिने गट बदलून मागितला, माझ्या टेबलावरचा. अर्जावर बोरघिल्डची सही लागत होती. तिने तो वाचला, काही न विचारता सही केली आणि माझ्यापुढे सरकवला.