मूळ अर्ज माझ्या कपाटात

आमच्या लेआऊटमधल्या तुंबलेल्या नालीचा मूळ अर्ज मी नगरपालिकेत दिलाच नाही. तो दोन महिने माझ्या कपाटात, प्लास्टिकच्या फाइलीत, डांबरगोळ्यांच्या वासात सुखानं पडून होता. पालिकेत दिली ती त्याची प्रत. आणि त्या प्रतीच्या डोक्यावर माझ्याच हातानं, लाल शाईनं लिहिलेलं होतं: 'माहितीसाठी सविनय सादर'. खाली दोन रेघा मारलेल्या.

ज्यांचा जन्म कचेरीत गेला नाही त्यांना यात काय एवढं बिघडलं ते कळणार नाही, म्हणून सांगतो. मूळ कागद आला की त्यावर काहीतरी करावं लागतं. माहितीच्या प्रतीवर काही करायचं नसतं. ती वाचायची, सही ठोकायची, फाइलीत लावायची. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चौतीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर हेच केलं. आजोबा कारकून, वडील कारकून, मी कारकून. आमच्या घरात पोरं 'आई' म्हणायच्या आधी 'उपरोक्त विषयास अनुसरून' ऐकतात.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. लेआऊट म्हणजे एकेकाळचं कपाशीचं वावर, तेही खोलगट. प्लॉट विकणाऱ्यानं सांगितलं होतं, इथं पाण्याची कधी टंचाई होणार नाही. माणूस खोटं बोलला नाही. पुढे समोरचा रस्ता सिमेंटचा झाला, आमच्या उंबरठ्यापेक्षा हातभर उंच. वरच्या वस्तीचं सांडपाणी रस्त्याखालच्या एका पाइपातून पलीकडच्या नाल्यात जायचं, त्या पाइपाचं तोंड सिमेंटखाली बुजलं. पाणी बिचारं काय करणार, ते आमच्याकडे यायला लागलं. पाऊस असला की घोटाभर गढूळ, नसला की काळं, फेसाळ, नाक धरायला लावणारं. संडासात बादली ओतली की पाणी खाली जायच्या ऐवजी गुडगुडत वर यायचं. बायको म्हणायची, "आत जायच्या आधी अंदाज घेत जा." साठी उलटल्यावर मी संडासाचा अंदाज घ्यायला शिकलो.

पण आमचं निभत होतं. खरा प्रश्न शेजारणीचा होता.

शेजारीण बंजारा तांड्यावरची. नवरा हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, घरी कमी आणि पांढरकवड्याच्या धाब्यावर जास्त असतो. शेती दिरांच्या हवाली करून ही माणसं लेकीच्या शिक्षणासाठी आमच्या शेजारी राहायला आली. लेक शिकली, मुकुटबनला दिली, आणि आषाढात तिला सहावा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. शेजारणीनं रस्त्याकडची खोली रिकामी केली, पिवळा रंग मारून घेतला, बाज विणून घेतली. मग एक दिवस मुकुटबनहून विहीणबाई घर पाहायला आल्या.

त्या दिवशी अंगणात पाणी होतं. आम्ही सगळ्यांनी फाटकापासून दारापर्यंत विटा टाकलेल्या. विहीणबाई लुगडं सावरत एकेका विटेवर पाय देत आल्या. तिसरी वीट डुगली. त्या पडल्या नाहीत, पण चहा पिईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरून ती वीट काही हलली नाही. जाताना म्हणाल्या, "घर चांगलं आहे जी तुमचं. पण भरल्या दिवसाची बाई या विटाईवरून संडासात जाईन का? नाली झाली तं पाठवतो. नाही तं आमच्याकडेच करू बाळंतपण."

शेजारीण त्यांच्यासमोर हसली आणि त्या गेल्यावर आमच्या ओट्यावर येऊन बसली. "भाऊजी, पहिलं बाळंतपण सासरी झालं तं तांड्यात मी तोंड कसं दाखवू? लोक म्हणतीन, मायच्या घरी जागा नव्हती."

बायको म्हणाली, "अर्ज द्यायला पाहिजे."

शेजारीण माझ्याकडे वळली. "तुमचा तं जन्मच कागदात गेला, भाऊजी. द्या ना एक लिहून. किती दिवसात होईन?"

"मूळ अर्ज नीट गेला की पंधरा दिवस," मी म्हणालो. हे वाक्य माझंच आहे. साक्षीदार दोन.

मग मी अर्ज लिहायला बसलो. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे कागदाचं काम आणलं होतं. तीन मसुदे केले. 'नाली तुंबली आहे' हे वाक्य मला फार उघडंवाघडं वाटलं, म्हणून मी 'सांडपाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास अवरोध निर्माण झाला आहे' असं लिहिलं. लेआऊटमध्ये घरोघर फिरून सह्या घेतल्या. मूळ अर्ज मुख्याधिकाऱ्यांना, आणि माहितीसाठी प्रती तहसीलला, बांधकाम विभागाला, आरोग्य खात्याला. वचक बसतो. प्रतींवर लाल शाई मी स्वतः चालवली.

आता चूक कशी झाली ते. आमच्या कचेरीत रीत अशी की गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद आपला, म्हणजे पोच घेऊन परत आणायचा. हात तसाच चालत आलेला. पालिकेच्या आवक खिडकीत मी गठ्ठा ठेवला, वरच्या कागदावर शिक्का मारून घेतला, तो फुंकर मारून वाळवला आणि फाइलीत घातला. तिथल्या मुलीला म्हणालो, "खालचा तुमचा." वरचा कागद म्हणजे शाईच्या सह्यांचा मूळ अर्ज होता. तो मीच वर ठेवला होता, कारण तो दिसायला फार सुंदर झाला होता.

पुढे आरोग्य खात्यात गेलो तेव्हा एक प्रत कमी पडली. इथं तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. मी झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि एक पान कमी काढलं म्हणून त्याच्याशी भांडलो. त्यानं निमूटपणे एक जास्तीची काढून दिली. त्या माणसाची मी अजून माफी मागितलेली नाही.

पंधरा दिवस गेले. पालिकेत गेलो. स्वच्छता निरीक्षक चहा पीत होते. मी लेआऊटचं नाव सांगितलं.

"हो, हो. माहिती आहे आम्हाले," ते म्हणाले.

मी खूश होऊन घरी आलो. शेजारणीला सांगितलं, साहेबांना सगळं माहिती आहे.

"माहिती आहे तं येऊन काहून नाही राह्यले?"

"प्रक्रिया असते."

"प्रक्रिया कोणत्या दिवशी येते, तेवढं विचारून या," ती म्हणाली.

मी स्मरणपत्र दिलं. त्यात संदर्भ म्हणून आधीच्या कागदाचा आवक क्रमांक टाकला. त्यांनी ते स्मरणपत्र प्रतीच्या मागे लावलं. दुसरं स्मरणपत्र दिलं, तेही लावलं. निरीक्षक एकदा म्हणाले, "काका, तुमच्या लेआऊटची फाइल लय चांगली बनली. एवढी टापटीप फाइल आमच्या इथं दुसऱ्या कोणाची नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, रस्ताभर बरं वाटत होतं. घराच्या फाटकाशी वीट डुगली आणि पाय पाण्यात गेला तेव्हा थांबलं.

बांधकाम विभागात गेलो. तिथले बाबू म्हणाले, "रस्ता आमचा, पण आम्हाला आलेली प्रत आहे. मूळ कागद ज्याला, त्यानं आम्हाला लिहायचं. मग आम्ही माणूस पाठवू." तहसीलमध्ये गेलो. "प्रत आली. मूळ पालिकेत ना? मग तिथं पाहा." सगळे एकच बोलत होते आणि बरोबर बोलत होते. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही हेच बोललो असतो, कदाचित चहा पण विचारला नसता. पालिकेत परत आलो तर निरीक्षक म्हणाले, "माहिती आहे, काका." त्या माणसाचा मला इतका राग यायला लागला की त्यांच्या समोरची खुर्ची दिसली तरी माझ्या कपाळाची शीर उडायची. सरकारी माणूस एवढा कोडगा कसा असतो, असं मी बायकोला विचारलं. तिनं माझ्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो पुसायला घेतला.

भादव्यात एक जोराचा पाऊस झाला आणि पाणी शेजारणीच्या त्या पिवळ्या खोलीत शिरलं. ओसरल्यावर भिंतीवर काळी रेघ राहिली, गुडघ्याच्या उंचीची, आखून मारल्यासारखी. बाजेचे पाय कुजट वास मारायला लागले. तिनं भिंत घासली, रेघ गेली नाही. संध्याकाळी ती ओट्यावर बसून लेकीशी फोनवर बोलत होती. मायलेकी गोरबोलीत बोलतात, मला त्यातलं काही कळत नाही. पण मधूनमधून 'कागद' हा शब्द येत होता आणि त्याच्यानंतर दर वेळी पलीकडून हसू ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर ती हसत नव्हती.

"आठवा सरत आला, भाऊजी. डॉक्टरीण म्हणते, न्यायचं असन तं या आठ दिवसात न्या. मंग गाडीत बसू नाही देणार." मग उठता उठता, "उद्या मी येतो तुमच्या संगं."

मला ते आवडलं नाही. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पालिकेत गेलो. मी सवयीनं निरीक्षकांकडे वळलो, तर ती थेट आवक खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथल्या मुलीला म्हणाली, "बाई, यायनं जो कागद देला तो मले पाह्यचा आहे."

"काढून काय करता, मावशी? फाइलला आहे तो."

"पाह्यतो. दोन महिने झाले, त्याचं तोंड नाही पाह्यलं."

मुलीनं फाइल काढली. खरंच टापटीप होती. पहिलं पान उलटून तिनं वाचलं, मग कपाळाला आठी घालून पुन्हा वाचलं. "ही तं माहितीची प्रत आहे. मूळ अर्ज कुठी आहे?"

"तुमच्याकडे," मी म्हणालो. आवाज जरा चढवून म्हणालो, तेही सांगून टाकतो. "दोन महिने झाले देऊन. पोच आहे माझ्याकडे. तुमच्याच शिक्क्याची." आणि काखेतली फाइल उघडून पुराव्यादाखल तो कागद मी तिच्यासमोर आपटला.

मुलीनं तो पाहिला. त्याच्यावरच्या शाईच्या सह्यांवरून ओलं बोट फिरवलं. बोटाला थोडी निळी शाई लागली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, मूळ हाच आहे."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सह्या निळ्याच होत्या. लाल शाई कुठंच नव्हती. आजूबाजूला नळाच्या तक्रारी घेऊन आलेले चार लोक उभे होते. त्यांतला एक जण आपली तक्रार विसरून पुढे सरकला.

शेजारणीला लिखापढीतलं बारीक कळत नसेल, पण एवढं तिला कळलं. तिनं तो कागद उचलला, मुलीला विचारलं, "हा कोणाले देऊ?" मुलीनं आतल्या केबिनकडे बोट केलं. मी मागोमाग गेलो, कारण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं.

मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं. "हा इतके दिवस कुठे होता?"

मी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. "उशीर आमच्याकडून झाला, साहेब. आता तुमच्याकडून नका होऊ देऊ. माह्या पोरीले आठ दिवसात आणायचं आहे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग 'सांडपाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास अवरोध' या ओळीवर पेन टेकवून मला विचारलं, "म्हणजे नाली तुंबली?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी कागदाच्या कडेला चार शब्द लिहिले.

चौथ्या दिवशी जेसीबी आला. रस्त्याची कड फोडली, पाइपाचं तोंड मोकळं केलं. आतून सिमेंटचे गोळे, एक गोणपाट, दोन वेगवेगळ्या पायांच्या दोन वेगवेगळ्या चपला निघाल्या. पाणी असं ओढून गेलं की सगळा लेआऊट फाटकांना टेकून पाहत राहिला. निरीक्षक पण आले होते. मला म्हणाले, "काका, मूळ कागद आला असता तं आषाढातच झालं असतं." मला माहिती आहे, असं मी म्हणालो. पक्क्या नालीचं काम अजून प्रस्तावित आहे. त्यासाठीचा अर्ज लेआऊटनं दुसऱ्याकडून लिहून घेतला.

विहीणबाई सुनेला घेऊन स्वतः आल्या. बसायच्या आधी संडासात गेल्या, एक बादली ओतली, कान देऊन ऐकलं, दुसरी ओतली, मग बाहेर येऊन म्हणाल्या, "चहा मांडा." पिवळ्या खोलीतल्या काळ्या रेघेवर शेजारणीनं लेकीची जुनी ओढणी टांगली होती.

नात झाली. बारशाला मीही गेलो होतो. नाव ठेवून झालं तेव्हा कोणीतरी म्हणालं की जन्माच्या दाखल्यावर हे नाव घालायला पालिकेत अर्ज द्यावा लागतो. मी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि खिशातून पेन काढलं. "मी लिहून देतो. उद्याच नेऊन देतो," म्हणालो.

शेजारणीनं नातीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही पोरीले कपाटात ठेवसान अन् तिची झेरॉक्स देऊन यासान."